धरणातल्या बोटीला इंजिन घेताना

हिंगोली जिल्ह्यात बोटीच्या इंजिनाची चौकशी करणारे लोक साधारण तीन प्रकारचे. येलदरी, सिद्धेश्वर किंवा ईसापूरच्या पाण्यात जाळं टाकणारं एखादं घर. मासळी, बर्फ आणि मत्स्यबीज वाहून नेणारी मच्छीमार सहकारी संस्था. आणि पुरात माणसं काढायला बोट ठेवू पाहणारी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. तिघांपुढे प्रश्न एकच असतो. मागच्या फळीला अडकवायचं आऊटबोर्ड घ्यायचं, की बोटीच्या पोटात डिझेल इंजिन, म्हणजे इनबोर्ड, बसवायचं? उत्तर मात्र तिघांचं वेगळं आहे आणि ते पाण्यावर जितकं अवलंबून आहे, त्याहून जास्त काठावर अवलंबून आहे.

आपल्याकडे या बाबतीत जो सल्ला मिळतो तो बहुतेक कोकणातून आलेला असतो. तिकडे बोटीची ओळखच सिलिंडरवरून होते. एक सिलिंडरवाली, दोन सिलिंडरवाली, सहा सिलिंडरवाली, असं बोलतात आणि सरकारी मदतीच्या याद्यांतही तसंच लिहितात. डिझेल इनबोर्ड हे तिथलं रोजचं यंत्र. पण कोकणातली बोट खाडीत नांगरलेली असते. भरती येते, ओहोटी लागते, पाणी पुन्हा त्याच जागी येतं. धरणाचं तसं नाही. येलदरीचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर, ईसापूरचा सुमारे ९६४ आणि सिद्धेश्वरचा जेमतेम ८१. ऑक्टोबरात भरलेलं हे पाणी उन्हाळी पाळ्या सुटत जातात तसं मागे सरकतं. दुष्काळी वर्षात ते मृतसाठ्यापर्यंत जातं. सपाट बुडीत क्षेत्रात पाणी थोडं उतरलं तरी काठ खूप लांब जातो. ज्या जमिनीवर गाळपेर घेतात, तीच जमीन ओलांडून बोटीपर्यंत पोचायचं असतं.

आता त्या चिखलातून काय काय न्यायचं आहे, याचा विचार करा. आठ ते दहा अश्वशक्तीचं आऊटबोर्ड साधारण ३५ ते ४५ किलोचं असतं. दोन माणसं ते उचलून मोटारसायकलपर्यंत आणतात आणि रात्री ते घरात ठेवता येतं. पाच अश्वशक्तीचं पाण्यावर थंड होणारं शेती-इंजिन शंभर किलोच्या वर जातं आणि ते बोटीला बोल्टांनी जखडलेलं असतं. म्हणजे पाणी उतरलं की बोट आणि इंजिन दोन्ही एकत्र ओढावं लागतं, नाहीतर काठावर राखण ठेवावी लागते. बोट चोरीला जात नाही, पण इंजिनाचे सुटे भाग जातात.

दुसरी गोष्ट खुंटांची. बुडीत क्षेत्रातल्या बाभळींचे खुंट, जुन्या विहिरींची बांधकामं, बांधांचे दगड हे सगळं पाण्याखाली आहे. ऑक्टोबरात त्यावरून बिनघोर जाता, फेब्रुवारीत तोच खुंट पाण्याच्या वितभर खाली असतो. आऊटबोर्डचा पाय आदळला की वर उचलला जातो, आणि पंख्यातली शिअर पिन असेल तर ती तुटून गिअर वाचतो. सगळ्या आऊटबोर्डना ही पिन नसते. कित्येकांत पंख्याच्या मध्यावर रबरी बुश असतो, तो घसरतो. घेताना विचारून घ्या. इनबोर्डचा पंखा आणि शाफ्ट तळाखाली कायमचे बाहेर असतात. खुंटाला लागले तर शाफ्ट वाकतो, आणि वाकलेला शाफ्ट म्हणजे बोट काठावर काढणं आलंच. इनबोर्ड घ्यायचंच असेल तर पंख्यापुढे तळाला कणा आणि पंख्याखाली लोखंडी पट्टी असलेली बोट बांधून घ्या. तयार मिळणाऱ्या सपाट तळाच्या फायबर बोटीत इनबोर्ड बसवू नका.

अश्वशक्ती किती हवी

इथे सगळ्यात जास्त पैसा वाया जातो. विक्रेता १५ किंवा २५ अश्वशक्ती दाखवतो आणि घेणाऱ्यालाही मोठं इंजिन शोभून दिसतं. पण पाणी कापत जाणाऱ्या बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये येतं. १६ फुटांचं वर्गमूळ ४, गुणाकार ५.३६, म्हणजे तासाला जवळपास १० किलोमीटर. भरलेली बोट याच्या पुढे न्यायची म्हटली तर नाक वर होतं, शेपटी बसते आणि इंधन दुपटीने जातं, वेग मात्र थोडाच वाढतो. हलकी, सपाट तळाची, रिकामी बोट पाण्यावर उठून पळू शकते. जाळी, बर्फपेटी आणि तीन माणसं घेतलेली बोट नाही.

टनाला तीन-चार अश्वशक्ती हा जुना हिशोब शांत पाण्यात पुरतो. १६ ते १८ फुटी फायबर बोट, तीन माणसं, जाळी आणि मासळी मिळून वजन ७००-८०० किलोच्या घरात असतं. तिला शांत पाण्यात तीन अश्वशक्ती पुरते. चैत्र-वैशाखात दुपारनंतर वारा सुटतो, येलदरीच्या मोकळ्या पाण्यावर आखूड, टोकदार लाटा उठतात, आणि त्या वाऱ्यात परतायला हाताशी जोर हवा म्हणून सहा ते आठ अश्वशक्ती घ्या. त्याच्या पुढे घरगुती बोटीला गरज नाही.

इंधनाचा हिशोब याच आकड्यांवर करा. जुन्या पद्धतीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड एका अश्वशक्तीला तासाला सुमारे अर्धा लिटर पेट्रोल खातं, फोर-स्ट्रोक सुमारे एक तृतीयांश लिटर आणि डिझेल इनबोर्ड पाव लिटर. समजा तुम्ही चार अश्वशक्तीवर रोज तीन तास चालता. टू-स्ट्रोकला सहा लिटर लागतील, फोर-स्ट्रोकला चार, डिझेलला तीन. वर्षाला २०० दिवस धरले तर १२००, ८०० आणि ६०० लिटर. शिवाय डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त आहे. गावातल्या पंपावरचे आजचे दर लावा आणि तुमचे खरे तास धरून बेरीज करा. रोज तासभरच इंजिन चालवणाऱ्याला डिझेलची बचत इतकी कमी दिसेल की वजनाचा त्रास घेण्यात अर्थ नाही. संस्थेची बोट दिवसभर फेऱ्या मारत असेल तर तीच बचत दोन-तीन हंगामांत इंजिनाची किंमत भरून काढते.

टू-स्ट्रोक कितीही स्वस्त मिळालं, तरी मी ते घेऊ नका असंच म्हणेन. त्यात पेट्रोलबरोबर तेल जळतं आणि न जळलेलं पाण्यात उतरतं. हिंगोली शहराला सिद्धेश्वरचं पाणी जातं. ज्या पाण्यावर आपली मासळी आणि आपली घागर दोन्ही आहेत, त्यात रोज तेल सोडणं योग्य नाही.

पेट्रोलबद्दल आणखी एक. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं. दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन् महिने पडून राहिली की पाणी आणि इथेनॉल खाली बसतं, पेट्रोल वर राहतं, आणि इंजिन ओढतं ते तळातलं. जुन्या आऊटबोर्डच्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅमही त्याने लवकर जातात. म्हणून जुनं इंजिन विकत घेताना इंधनाच्या सगळ्या नळ्या बदलून घ्या, आणि चार दिवसांत लागेल तेवढंच पेट्रोल भरा.

गावातलं डिझेल इंजिन बोटीत बसवताना

डिझेलची खरी बाजू आहे ती माणसांची. आपल्या भागात दोन पिढ्यांनी नदीकाठी आणि विहिरीवर ऑइल इंजिन वापरलंय. नोझल बसलं, इंजिनाने हवा धरली, रिंगा गेल्या, हे शब्द शेतकऱ्याला सांगावे लागत नाहीत. किर्लोस्करचं इंजिन उघडून बसणारा मिस्त्री वसमत, कळमनुरी, औंढ्यात सापडतो. आऊटबोर्डची कंपनीची सेवा मोठ्या शहरांतून मागवावी लागते. त्यामुळे शेतीचं इंजिन बोटीत टाकू, हा विचार संस्थेत हमखास निघतो. विचार वाईट नाही, पण त्यात चार अडचणी आहेत आणि त्या इंजिन आणण्याआधी सोडवाव्या लागतात.

पहिली, या इंजिनाला गिअर नसतो. शाफ्ट सरळ जोडला तर हँडल मारल्याबरोबर बोट चालू लागते. न्यूट्रल नाही, मागे येणं नाही. जाळ्यावर किंवा पोहणाऱ्या माणसावर बोट जात असेल तर ती थांबवायचा एकच उपाय उरतो, इंजिन बंद करण्याचा. म्हणून पुढे, न्यूट्रल आणि मागे असणारा बोटीचा गिअरबॉक्स लागतोच, आणि तो शाफ्टचे फेरे निम्मे करणारा असावा. मोठा पंखा हळू फिरला की ओढ वाढते. गिअरबॉक्सचा खर्च परवडत नसेल तर इनबोर्डचा नाद सोडा. या बाबतीत तडजोड नाही.

दुसरी अडचण हादऱ्यांची. एक सिलिंडरचं इंजिन थरथरतं. फायबरच्या तळावर चार बोल्ट मारून ते बसवलं तर एका हंगामात तळाला भेगा दिसतील. बोटीच्या निम्म्या लांबीइतक्या दोन लाकडी किंवा लोखंडी कड्या तळाला लावून, त्यावर फायबरचे थर चढवून, मगच त्या कड्यांवर इंजिन बसवायचं. वजन शक्यतो बोटीच्या मध्याजवळ आणि खाली आणा. तिथे ते बोट स्थिर ठेवतं. इनबोर्डचा हा एक मोठा फायदा आहे. आऊटबोर्डचं वजन मात्र सगळं शेवटच्या टोकाला येतं, आणि तिथेच चालवणाराही बसतो.

तिसरी अडचण शाफ्ट सरळ असण्याची. गिअरबॉक्सची चकती आणि शाफ्टची चकती एकमेकींना चारही बाजूंनी सारखी भिडली पाहिजे. बोल्ट ढिले करून फीलर गेज घाला. चार इंची चकतीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फटीतला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. हे माप बोट काठावर असताना घेतलं तर ते कच्चं माप. बोट पाण्यात उतरली की तळ किंचित बदलतो, म्हणून पाण्यात सोडून एक दिवसाने पुन्हा पाहायचं. मिस्त्री बहुधा हे दुसऱ्यांदा करायला येत नाही. त्याची मजुरी या दुसऱ्या फेरीनंतरच द्या.

चौथी अडचण तळाला पडणाऱ्या भोकांची. शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथे ग्लँड असते, आणि तिच्यात पंपाला घालतो तसलीच ग्लँडची दोरी. शेतकऱ्याला ही दोरी कशी भरायची ते माहीत आहे. प्रत्येक वेढा वेगळा कापायचा, सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. इंजिन बंद असताना तिथून पाणी येऊ नये, चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब पडावेत. एकही थेंब पडत नसेल तर ती फार आवळली आहे आणि शाफ्ट घासून झिजतोय. इंजिन थंड करायला पाणी ओढणाऱ्या भोकाला बंद करता येणारा व्हॉल्व्ह आणि बाहेरून जाळी हवी. जलपर्णीची मुळं जाळीत अडकतात, त्यामुळे रोज निघण्याआधी ती हाताने चाचपायची.

फिरणारा पट्टा आणि फ्लायव्हील झाकलेलं असलंच पाहिजे. गमछा, साडीचा पदर, जाळ्याची दोरी, यातलं काहीही त्यात गेलं तर माणूस जातो. आणि पेट्रोलचं इंजिन बोटीच्या पोटात कधीही बसवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचते आणि एका ठिणगीची वाट पाहते.

आऊटबोर्ड घेताना काय मोजायचं

मागच्या फळीची उंची. फळीच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत टेप लावा. १५ इंच आली तर आखूड पायाचं इंजिन, २० इंच आली तर लांब पायाचं. इंजिन बसवल्यावर पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. आखूड पाय उंच फळीवर लावला तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि बोट जागची हलत नाही. लांब पाय आखूड फळीवर लावला तर तोच पाय उन्हाळ्यात प्रत्येक खुंट शोधतो. चुकीच्या पायाचं इंजिन नंतर बदलून मिळत नाही, म्हणून दुकानात जाताना बोटीचं माप कागदावर लिहून न्या.

इंजिन सुरू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार येते का, हे पहिल्यांदा पाहा. ती धार म्हणजे आतला पंप थंड पाणी फिरवतोय. धार नसेल तर लगेच बंद करा. या पंपाचं चाक, म्हणजे इम्पेलर, रबराच्या पात्यांचं असतं. कोरड्यात अर्धा मिनिट चालवला तरी पाती जळतात, आणि गढूळ पाण्यातली रेती ती झिजवते. आपलं पाणी गोडं आहे, त्यामुळे समुद्रावरच्यासारखं रोज धुवायची गरज नाही, पण गाळातून चालल्यावर स्वच्छ पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटं चालवा. एक इम्पेलर, दोन प्लग, पिना, सुरू करायची दोरी, इंधनाचा फिल्टर आणि गिअरचं तेल एवढं सामान इंजिनाबरोबरच विकत घ्या. गिअरचं तेल काढल्यावर ते दुधासारखं दिसलं तर सील गेलं आहे, आत पाणी शिरतंय. कार्बोरेटर, प्लग, दोरी ही कामं मोटारसायकलचा चांगला मिस्त्री करतो, त्याला एकदा काठावर बोलावून सगळं दाखवून ठेवा.

बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीबद्दल थोडक्यात. मत्स्यपिंजऱ्यांना खाद्य घालायला दिवसातून दोनदा पाव-पाव तास जायचं असेल तर ती उत्तम आहे. पण १०० अँपिअर-तासाची लेड-अॅसिड बॅटरी तीस किलोच्या आसपास असते आणि तिच्यातली निम्मीच वीज वापरावी. पन्नास अँपिअर ओढणारी मोटार पूर्ण जोरावर तासभर चालेल. लांब जाळी टाकणाऱ्याला ती पुरत नाही.

शिडाबद्दलही लोक विचारतात, विशेषतः पर्यटनाच्या निमित्ताने. खडकवासल्याच्या पाण्यात एनडीएचे छात्र शिडाच्या बोटी चालवायला शिकतात, तेव्हा धरणात शीड चालतं यात शंका नाही. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादेई या ५६ फुटी बोटीतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तिच्या पोटात डिझेल इंजिन होतं. महिनोन् महिने समुद्रावर राहायचं, बॅटऱ्या भरायच्या, मागून येणाऱ्या लाटांत पंखा पाण्याबाहेर येऊ द्यायचा नाही, त्यासाठी इनबोर्डच हवं. धरणातल्या १८ फुटी शिडाच्या बोटीला यातलं काहीच लागत नाही. तिला चार-पाच अश्वशक्तीचं लांब पायाचं आऊटबोर्ड लावा. वारा आला की पाय वर घ्या. पाण्यात ओढत राहणारा पंखा शिडाचा वेग खातो.

पुराची बोट

जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यात पाणी शिरलं, तेव्हा बोट हाताशी असणं म्हणजे काय हे सगळ्या जिल्ह्याने पाहिलं. पुराच्या बोटीला डिझेल इनबोर्डचा विचारच करू नका. ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढवावी लागते, तारेच्या कुंपणावरून, गुडघाभर पाण्यातल्या गल्लीतून न्यावी लागते. तिथे आऊटबोर्डच, आणि पंख्याभोवती जाळीचा पिंजरा लावलेलं. पाण्यात माणसं असतात.

पुराच्या बोटीचं इंजिन खराब होतं ते गोदामात. वर्षभर उभं राहिलेलं इंजिन, कार्बोरेटरमध्ये सुकलेलं पेट्रोल, आणि गरज पडते त्या रात्री दोरी ओढून ओढून हात दुखतात. म्हणून वापर झाल्यावर नळी काढून इंजिन आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, टाकी रिकामी करा. महिन्यातून एकदा दोनशे लिटरच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटं चालवायचं आणि भिंतीवरच्या वहीत तारीख व सही टाकायची. मेअखेर इम्पेलर बदला, प्लग नवे घाला. हे काम कुणाचं, ते नावानिशी ठरवून ग्रामसभेत सांगा. गावातल्या दोन तरुणांना ते इंजिन अंधारात सुरू करता आलं पाहिजे.

कागदपत्रांचं काम इंजिन घेण्याआधी करा. धरणाचं पाणी जलसंपदा विभागाचं, मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभागाचा, आणि यंत्रावर चालणाऱ्या बोटींसाठी १९१७ च्या कायद्याच्या जागी आलेला अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ नोंदणी आणि तपासणी सांगतो. तुमच्या जलाशयात इंजिनाची बोट चालवायला काय परवानगी लागते, हे धरणाच्या शाखा कार्यालयात आणि हिंगोलीच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी विचारा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिला लाभार्थ्यांना ६० टक्के साहाय्याची तरतूद आहे. बोटीसाठी यातलं काय मिळेल आणि इंजिन त्यात धरतात का, तेही तिथेच विचारा. मंजुरीआधी पावती फाडू नका.

माझं मत विचाराल तर घरच्या बोटीला आठ अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड, आणि कायम खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या, रोज पाच-सहा तास चालणाऱ्या संस्थेच्या मोठ्या बोटीला गिअरबॉक्ससकट डिझेल इनबोर्ड. पण कोणतंही घ्या, बोटीत बसणाऱ्या प्रत्येकासाठी एक लाइफ जॅकेट त्याच पैशांतून घ्या, आणि आऊटबोर्डची लाल दोरी, जी ओढली गेली की इंजिन बंद पडतं, ती चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधल्याशिवाय काठ सोडू नका. पैसे कमी पडत असतील तर दोन अश्वशक्ती कमी करा, पण जॅकेट कमी करू नका.